कात्री, कागद आणि चार देशांची सहल

बालमित्रांनो, चित्रकलेच्या तासाला ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की तुमच्यापैकी किती जण दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, वळणावळणाची नदी, एक झोपडी आणि एक नारळाचं झाड काढतात? हात वर करा पाहू! मालवणची मुलगी हेच काढते आणि चंद्रपूरचा मुलगाही हेच. चंद्रपूरच्या अंगणात नारळ नसला तरी वहीत असतोच! म्हणजे हात चालतो, पण डोळे मिटलेलेच.

हे डोळे उघडायचा एक छान मार्ग आहे. सुट्टीत एकच विषय धरून चार दिवसांचं शिबिर घ्यायचं. त्यासाठी सभागृह नको की भारी रंगपेटी नको. गच्ची, व्हरांडा किंवा देवळाचा ओटा पुरे. आपण विषय घेऊ ‘कागद कापणं’. सामान काय? पतंगाचा कागद, जुनी वर्तमानपत्रं, खळ, सुतळी आणि बोथट टोकाची कात्री. शिवाय भिंतीवर जगाचा नकाशा. मात्र एक नियम पक्का. कागदाला कात्री लावण्याआधी तीन प्रश्न विचारायचे : हे कोण करतं? कशानं करतं? आणि कशासाठी करतं?

पहिला दिवस आपल्या घरचा. दिवाळीतला आकाशकंदील, त्याच्या झिरमिळ्या, गणपतीच्या मखराची जाळी, जत्रेच्या पताका हे सगळं कागदकामच की! आजीला विचारा, तिच्या लहानपणी कंदील कसा करत. मग जाऊ मथुरेला. तिथे ‘सांझी’ नावाची कला आहे. कारागीर कागदात बारीक नक्षी कापतात, तो कागद जमिनीवर ठेवून वरून रंगाची पूड भुरभुरतात. कागद अलगद उचलला की खाली कृष्णाच्या गोष्टीतलं चित्र तयार! आपल्या रांगोळीच्या छाप्याची ही भावंडंच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी गाडी चीनला. कागदाचं माहेरच ते! साधारण इ. स. १०५ मध्ये त्साय लुन नावाच्या दरबारी अधिकाऱ्यानं झाडाची साल, ताग, चिंध्या आणि मासे धरायची जुनी जाळी यांच्या लगद्यापासून कागद करण्याची पद्धत बसवून दिली, असं सांगतात. तिथे नव्या वर्षाच्या सणाला लाल कागद कापून खिडक्यांवर चिकटवतात. त्यांना ‘खिडकीतली फुलं’ म्हणतात. लालच का? कारण तो तिथे शुभ रंग. आपल्याकडे कुंकू लाल असतं, तसंच. २००९ साली युनेस्कोनं या कलेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली.

तिसऱ्या दिवशी पोलंड. इथे गंमत आहे हं! तिथले खेडूत कागद कापायचे तो मेंढ्यांची लोकर कातरायच्या भल्यामोठ्या कात्रीनं. एवढ्या जाड हत्यारातून कोंबडे, झाडं, फुलं अशी नाजूक नक्षी उतरायची. ईस्टरच्या सणाआधी घराच्या भिंतींना चुना लावायचा आणि त्यावर ही चित्रं डकवायची. वोविच भागात रंगीत कागदाचे थरावर थर चिकटवतात, तर कुर्प्ये भागात एकाच रंगाचा कागद घडी घालून कापतात. मुलांना इथे एक गोष्ट न सांगता कळते : माणूस हाताशी जे असेल त्यातूनच सुंदर वस्तू घडवतो.

चौथा दिवस मेक्सिकोचा. तिथल्या पताकांना ‘पापेल पिकादो’ म्हणतात, म्हणजे टोचलेला कागद. तिथे कात्री नाही, छिन्नी आणि हातोडी! पातळ कागदांची चळत एकावर एक रचून ठोकलं की एका दमात कितीतरी पताका होतात. नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला तिथली माणसं आपल्या गेलेल्या माणसांची आठवण काढतात, त्यांच्या आवडीचे पदार्थ मांडतात आणि वर या पताका लावतात. पताकांवर हसरे सांगाडेही असतात. पहिल्यांदा पाहून मुलं दचकतात. पण पितृपक्षात आपणही आजोबांच्या आवडीची भाजी पानात वाढतोच ना, असं कुणीतरी म्हणतं आणि सांगाड्याची भीती पळून जाते.

शिबिराचं खरं मोल इथेच आहे. दूरच्या माणसांच्या रीती नुसत्या ऐकल्या की त्या विचित्र वाटतात, हसू येतं. पण त्यांची नक्षी स्वतःच्या हातानं कापताना बोटं दुखतात, कागद फाटतो, पुन्हा कापावा लागतो. मग ‘ते लोक’ उरत नाहीत. आपल्यासारखीच सण करणारी, कुणाची तरी आठवण काढणारी माणसं दिसू लागतात.

आणि हो, कात्री हे काही फक्त लहान मुलांचं खेळणं नाही. डेन्मार्कचे गोष्टीकार हान्स अँडरसन गोष्ट सांगता सांगता कागद कापत आणि शेवटी घडी उलगडून दाखवत. फ्रान्सचे चित्रकार आंरी मातीस १९४१ मधल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर फार वेळ उभे राहू शकत नव्हते. तेव्हा ते रंगवलेले कागद कात्रीनं कापून चित्रं करू लागले. त्यातली काही तर भिंतभर मोठी आहेत!

करून पाहा
पतंगाच्या कागदाचा वहीएवढा तुकडा घ्या. मधोमध घडी घाला, मग आणखी एकदा. घडीच्या कडेला अर्धं पान, अर्धा मासा, अर्धा चंद्र कापा. घडीची कड मात्र पूर्ण कापून टाकू नका, नाहीतर पताकेचे तुकडे हातात येतील! उलगडण्याआधी ओळखा, किती मासे निघतील? वरची पट्टी सुतळीवर दुमडून चिकटवा. झाली पताका.

आई-बाबांसाठी दोन शब्द
मुलाचं काम नीट दिसावं म्हणून तुम्ही कापून देऊ नका. वेडावाकडा कोंबडा चालेल, पण त्याचा असू दे. पहिला नंबर, दुसरा नंबरही नको. सगळ्यांच्या पताका एकाच दोरीवर लावा. आणि ‘छान झालं’ एवढ्यावर थांबू नका, तेच तीन प्रश्न विचारा. नाहीतर पोलंड म्हणजे कोंबडे आणि मेक्सिको म्हणजे सांगाडे, एवढंच डोक्यात राहील. पोलंडची मुलंही शाळेत जातात, गणिताला कंटाळतात, हे त्याला कळलं पाहिजे. म्हणून रोज शिबिर संपताना त्या देशाचं एक शहर, एक नदी आणि एक खाण्याचा पदार्थ शोधायला सांगा. ‘चित्रकलेत वेळ जातो’ अशी तक्रार असेल, तर पाहा : घडी घालताना भूमिती झाली, नकाशा पाहताना भूगोल झाला, त्साय लुनपाशी इतिहास झाला. वेळ वाया कुठे गेला?

तर मित्रांनो, पुढच्या सुट्टीत विषय कोणता घ्याल? मुखवटे? मातीची भांडी? की घरांची दारं? ठरवा आणि कामाला लागा. आणि शिबिर संपल्यावर कागदाचा केर मात्र स्वतःच काढायचा, बरं का!