अंगणातली झाडं – भाग 7 : कुंपणापलीकडची फांदी

मे महिना लागला की शहरातल्या गल्लीबोळांतून करवतींचा आवाज यायला लागतो. पावसाच्या आत झाडं ‘हलकी’ करून घ्यायची असतात. कोयता, दोर आणि चेनसॉ घेऊन दोन-तीन माणसं येतात, सोसायटीच्या समितीतले कुणी काका खाली उभे राहून “अजून थोडं वरून घ्या” म्हणत राहतात आणि दुपारच्या जेवणाआधी गुलमोहराचा खांब झालेला असतो. जूनमध्ये झाड पडत नाही. छाटणी फळाला आली, असं सगळ्यांना वाटतं. झाड पडतं ते त्यानंतरच्या चौथ्या-पाचव्या पावसाळ्यात. तोवर समिती बदललेली असते, मग दोष वाऱ्याच्या माथी जातो.

घराच्या भिंतीपासून कोणतं झाड किती अंतरावर लावावं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आजचा भाग ज्यांनी ते अंतर पाळलेलं नाही त्यांच्यासाठी, म्हणजे बहुतेक सगळ्यांसाठी.

शेंडा उडवलेल्या झाडाचं पुढे काय होतं ते आधी समजून घेऊ. पानं गेली की झाडाचं अन्न तुटतं. जगायला पानं हवीत, म्हणून खोडातले झोपलेले डोळे एकदम जागे होतात आणि कापलेल्या टोकाभोवती धुमाऱ्यांचा झुबका फुटतो. मूळची फांदी वर्षानुवर्षं खोडाबरोबर वाढलेली असते, दोघांचं लाकूड एकमेकांत विणलेलं असतं. धुमारा मात्र सालीखाली नुसता चिकटलेला. तो वाढतोही झपाट्याने, त्यामुळे तीन-चार वर्षांत मनगटाएवढ्या जाडीच्या, पानांनी लगडलेल्या काठ्या अशा टोकावर उभ्या राहतात की जे आतून कुजायला लागलेलं असतं. ओली पानं, वारा आणि ही कच्ची जोडणी, तिन्ही एकत्र आलं की फांदी गाडीवर येते. गुलमोहराचं लाकूड मुळातच ठिसूळ. मादागास्करहून आलेलं हे झाड फुलतं देखणं, पण मार सोसत नाही.

झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. ही गोष्ट पक्की करायला अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शिगो या शास्त्रज्ञाने हजारो झाडं करवतीने उभी चिरून पाहिली. 1970च्या दशकात त्यांनी मांडलेला सिद्धान्त असा, की झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही, त्याच्याभोवती भिंती घालून त्याला कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. आतला सडका भाग जन्मभर आतच राहतो. म्हणून घाव कुठे घालायचा, याला एवढं महत्त्व.

फांदी जिथे खोडाला मिळते तिथे नीट पाहा. एक फुगीर कडं दिसेल, वरच्या बाजूला सालीची सुरकुती असेल. झाडाच्या त्या कोंडून टाकणाऱ्या भिंती याच कड्यात तयार होतात. काप त्याच्या लगेच बाहेर हवा. खोडाला घासून गुळगुळीत कापलं तर कडंच जातं आणि कूज थेट खोडात उतरते. उलट हातभर खुंटी ठेवली तर ती वाळते, कुजते आणि तिच्यातून बुरशीला वाट मिळते. आपल्याकडे हे दोन्ही सर्रास चालतं, बहुतेकदा एकाच झाडावर.

जड फांदी एका दमात कापू नये. ती अर्ध्यात मोडते आणि खाली येताना खोडाची साल ओढून नेते. आधी कड्यापासून वीत-दीड वीत पुढे, खालच्या अंगाने थोडा काप द्यायचा. मग त्याच्याही जरा पुढे वरून कापून वजन उतरवायचं, आणि उरलेली खुंटी शेवटी कड्याबाहेर सफाईने काढायची. त्यावर डांबर किंवा ऑइलपेंट फासू नये. त्याने कूज थांबत नाही, ओल मात्र आत अडकते. बागायतदार डाळिंबाला, आंब्याला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात, ती बुरशीनाशक म्हणून. तिची गोष्ट वेगळी.

एका वर्षात हिरव्या पसाऱ्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त काढू नये, हा जगभर मानला जाणारा ठोकताळा आहे. तोही तरण्या झाडांसाठी. म्हाताऱ्या झाडाला त्याहून कमी. आणि काढायचं ते चारही बाजूंनी विचार करून. पार्किंगच्या बाजूच्या सगळ्या फांद्या उडवल्या की उरलेलं वजन रस्त्याकडे कलतं. फांदीची आतली सगळी पालवी खरवडून टोकाला फक्त झुपका ठेवला, तर ती वाऱ्यात जास्तच हेलकावते. आपल्या रस्त्यांवरचे पर्जन्यवृक्ष एकदा या नजरेने पाहावेत.

वेळेचं म्हणाल तर पानगळीच्या सुमारास, नवी पालवी फुटायच्या आत, छाटणी सोसते. भर पावसात बुरशी जोरात असते. शिवाय बगळे, रातबगळे, पाणकावळे चिंचेवर आणि पर्जन्यवृक्षांवर वसाहत करून पिलं वाढवतात ती याच दिवसांत. खाली गाड्यांवर शिटतात म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये फांद्या उतरवल्या की पिलांचा सडा पडतो. 1972च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं शिकारीच्या व्याख्येत येतं, हे सोसायटीच्या सभेत सांगून पाहावं.

माडाला यातलं काहीच लागू नाही. त्याला वाढीचा एकच कोंब, तो गेला की माड गेला. खोडावरची जखमही तो कधीच झाकत नाही, म्हणून चढण्यासाठी खाचा पाडणं म्हणजे कायमची भोकं. वाळलेल्या झावळ्या आणि तयार नारळ वेळच्या वेळी उतरवून घेणं, एवढीच त्याची छाटणी.

वरच्या फांद्यांवरून भांडणं होतात, पण झाड पडतं ते बहुधा खालून. कंपाउंडची भिंत बांधायला चर खणला जातो, आड आलेली जाडजूड मुळं कुऱ्हाडीने तोडली जातात, वर काँक्रीट पडतं. वरून काहीच दिसत नाही, एका बाजूचा आधार मात्र गेलेला असतो. झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोन फुटांतच पसरलेली असतात, त्यामुळे ‘खोल मुळं आहेत, काही होत नाही’ हा दिलासा फुकाचा. खोडाच्या व्यासाच्या निदान सहापट अंतरात जाड मुळांना हात लावू नये. भिंत हवीच असेल तर दोन्हीकडे खांब घेऊन मुळांवरून बीम टाकता येतो. खर्च थोडा वाढतो. गवंडी कुरकुरतो, पण करतो.

घराला तडे गेले की लगेच झाडाकडे बोट जातं. काळ्या मातीत त्यात तथ्यही असतं, कारण ही माती वाळली की आक्रसते, भिजली की फुगते, आणि मोठं झाड उन्हाळ्यात तिच्यातलं पाणी शोषून घेतं. इंग्लंडमध्ये 1976च्या दुष्काळात लंडनच्या चिकणमातीवरची घरं अशीच खचली होती. पण इथे एक उलटा धोका आहे. जुनं झाड एकदम काढलं की त्याने वर्षानुवर्षं कोरडी ठेवलेली माती पुन्हा पाणी धरते, फुगते आणि पाया वर उचलते. सोलापूर-नागपूरकडच्या काळ्या रानात घर असेल, तर झाड काढण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं, आणि काढल्यावर तडे बुजवायला दोन-तीन पावसाळे थांबावं. ड्रेनेजच्या पाइपात मुळं शिरतात ही तक्रारही अर्धीच खरी. धड पाइप मुळं सहसा फोडत नाहीत, आधीच गळणारा सांधा शोधून आत शिरतात.

भिंतीतला पिंपळ मात्र कोवळा असतानाच काढावा. मैना-बुलबुल फळं खाऊन बी सज्ज्यावर टाकतात, रोपटं बोटभर असतं तेव्हा मुळासकट निघतं. नंतर वरून कितीही वेळा तोडा, मूळ विटांमध्ये जाड होत राहतं. देवाचं झाड म्हणून ठेवलेलं रोपटं वीस वर्षांनी सगळा सज्जा घेऊन खाली येतं.

मग झाड पाडायचं कधी? पोकळ आहे एवढ्यावरून नाही. ढोलीभोवती धडधाकट लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण तिसऱ्या हिश्शाहून जास्त असेल, तर पोकळ झाडही वादळ झेलतं. बुंध्यापाशी बुरशीच्या लाकडी छत्र्या उगवल्या असतील, किंवा झाड कललंय आणि पाठच्या बाजूची माती नुकतीच उचलली गेलीय, किंवा दोन जाड खोडांच्या अरुंद बेचक्यात साल अडकून उभी चीर दिसतेय, तर थांबू नये. अशा वेळी झाड वरून तुकड्या-तुकड्यांनी दोर लावून उतरवतात. ते काम स्वस्तातल्या माणसाला देऊ नये.

आणि परवानगीशिवाय तर नाहीच. महाराष्ट्राचा 1975चा नागरी क्षेत्रातला वृक्षसंरक्षण कायदा ‘झाड तोडणे’ यात जाळणं, कापणं आणि कसलीही इजा करणं धरतो, म्हणजे आपल्या अंगणातल्या आपल्या झाडाची मोठी फांदी उतरवायलाही वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. 2021च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारशाचा दर्जा दिला, आणि जितक्या वयाचं झाड पाडाल तितकी रोपं लावण्याची अट घातली. गावाकडे 1964चा वेगळा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, खैर, आंबा, फणस, चिंच, जांभूळ अशी झाडं आहेत. बांधावरचा फणस आपला असला तरी आधी विचारावं लागतं.

आता शेजाऱ्याची फांदी. कुंपण ओलांडून आलेली फांदी हद्दीपर्यंत कापण्याचा हक्क इंग्रजी कायद्याने 1894मध्ये लेमन विरुद्ध वेब या खटल्यात मान्य केला. त्यासाठी शेजाऱ्याच्या आवारात पाऊल टाकायचं नाही, ही अट. भारतीय न्यायालयांनीही हे तत्त्व उचललं आहे. महाराष्ट्रातल्या शहरांत मात्र त्या हक्काच्या आधी वृक्ष अधिकाऱ्याची सही लागते, आणि कापताना झाड मेलं किंवा कललं तर जबाबदारी कापणाऱ्याची. म्हणून अर्जावर दोन्ही घरांच्या सह्या असल्या तर पाहणीला आलेला माणूसही सुटकेचा श्वास सोडतो. राहिला कापलेल्या फांदीचा प्रश्न. ती, तिच्यावरच्या कैऱ्यांसकट, झाडाच्या मालकाची. टेम्पोचं भाडं कुणी द्यायचं, हे कायद्यात नाही. ते करवत चालू होण्याआधी ठरवून घ्यावं.