एका मसुद्याची तीन दशकं

१९९१ मध्ये हवामान कराराच्या वाटाघाटी चालू होत्या. तेव्हा प्रशांत महासागरातल्या वानुआतूने छोट्या बेटांच्या आघाडीतर्फे एक मसुदा मांडला. समुद्र चढून जमीन गेली तर भरपाईसाठी आंतरराष्ट्रीय निधी असावा. पैसे औद्योगिक देशांनी भरावेत. कुणी किती भरायचे, हे निम्मं राष्ट्रीय उत्पन्नावर आणि निम्मं कार्बन उत्सर्जनावर ठरावं. आघाडीचे पहिले अध्यक्ष रॉबर्ट व्हॅन लिरॉप मूळचे वकील. मसुद्यातही याचकाचा सूर नव्हता, हिशेब होता.

त्या हिशेबामागे ताजा अनुभव होता. १९८७ च्या एप्रिलमध्ये लाटा थेट माले शहरात शिरल्या होत्या, आणि त्याच वर्षी मालदीवचे अध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी देश बुडण्याची भीती संयुक्त राष्ट्रांत बोलून दाखवली होती. तरीही १९९२ च्या करारात विम्याचा ओझरता उल्लेख तेवढा उरला.

मग बेटांनी आपली आपण सोय पाहिली. २००४ मध्ये आयव्हन वादळाने ग्रेनाडाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या दुपटीइतकं नुकसान केलं. त्या धक्क्यानंतर २००७ मध्ये कॅरिबियन देशांचा सामाईक विमा निधी उभा राहिला. यात पंचनामा नाही; वादळाच्या मोजमापांवरून नुकसान आकारायचं आणि चौदा दिवसांत पैसे द्यायचे. २०१७ मध्ये त्याची ताकद दिसली आणि मर्यादाही. मारिया वादळाने डॉमिनिकाची सुमारे १३० कोटी डॉलरची हानी केली. निधीतून मिळाले जेमतेम दोन कोटी. बाकीची उभारणी करायची तर कर्ज काढूनच, आणि जुन्या कर्जाचे हप्ते काही वादळासाठी थांबत नाहीत.

बार्बाडोसचे अर्थतज्ज्ञ अविनाश पर्सॉड यांनी नेमकं या हप्त्यांवर बोट ठेवलं. बँकिंगमध्ये उमेदवारी केलेला हा माणूस पंतप्रधान मिया मॉटली यांचा सल्लागार झाला. २०२२ च्या ब्रिजटाउन प्रस्तावातून दोघांनी आग्रह धरला की, आपत्ती आली की हप्ते लांबणीवर टाकण्याचं कलम कर्जाच्या करारातच हवं. ग्रेनाडाने आपल्या रोख्यांत असं कलम २०१५ मध्येच घालून घेतलं होतं. २०२४ मध्ये बेरिल वादळानंतर त्याने ते वापरलं.

दरम्यान २०२२ मध्ये शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत हानी-भरपाई निधी मंजूर झाला, म्हणजे वानुआतूच्या मसुद्यानंतर ३१ वर्षांनी. पुढच्या वर्षी दुबईत श्रीमंत देशांनी त्यात सुमारे ७० कोटी डॉलर देण्याचं कबूल केलं. एका डॉमिनिकाने एका वादळात गमावले त्याच्या जवळपास निम्मे, आणि तेही साऱ्या जगासाठी.

कुणी किती द्यायचे, हे अजून ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे. निधी मिळाला, निम्म्या-निम्म्याचं ते सूत्र मात्र १९९१ च्या कागदावरच राहिलं.