एका ओळीचा सर्व्हर

पीएचपीतलं पान फाइलवर दोनदा क्लिक करून चालत नाही. ब्राउझरला हवं असतं तयार एचटीएमएल. ते करून देणारा सर्व्हर मध्ये लागतोच. त्यामुळे शिकणाऱ्याचा पहिला दिवस बरीच वर्षं अपाचे हा सर्व्हर बसवण्यातच जायचा. २००२मध्ये आलेल्या झॅम्पने अपाचे, डेटाबेस आणि पीएचपी एकत्र बांधून दिले, हा मोठाच दिलासा होता. तरी काम एचटीडॉक्स फोल्डरातच ठेवावं लागे, आणि ८० नंबरचा पोर्ट स्काइपने अडवला असला की अपाचे सुरूच होत नसे. पहिली ओळ लिहिण्याआधीच नवख्याचा उत्साह ओसरायचा.

रेल्स आणि जँगो या वेब फ्रेमवर्क वापरणाऱ्यांकडे एका कमांडचा सर्व्हर आधीपासून होता. पीएचपीला तो १ मार्च २०१२ रोजी, ५.४ या आवृत्तीत मिळाला. कामाच्या फोल्डरात टर्मिनल उघडायचं, ‘पीएचपी’ लिहून पुढे वजा चिन्ह आणि कॅपिटल एस, मग ‘लोकलहोस्ट:८०००’. एंटर मारला की सर्व्हर सुरू, कंट्रोल-सी दाबलं की बंद. फोल्डर हलवायचा नाही, कॉन्फिगरेशनला हात लावायचा नाही. पोर्ट ८००० घेण्यामागे कारण आहे: युनिक्स परंपरेत १०२४च्या खालचे पोर्ट रूटच्या अधिकाराशिवाय मिळत नसत.

मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते टर्मिनलवर उमटत जाणारं रिक्वेस्टचं लॉग. आपण एक पान मागितलं, पण ब्राउझरने स्टाइलची फाइल मागितली, चित्र मागितलं, कोणी न सांगता टॅबवरचा छोटा आयकॉनही मागितला. चित्राच्या नावात एक अक्षर चुकलं की ४०४ची, म्हणजे ‘सापडलं नाही’ची, ओळ लगेच समोर. वेब म्हणजे मागणी आणि उत्तर, हे इतकं उघड दाखवणारा दुसरा शिक्षक मी पाहिलेला नाही.

या सर्व्हरची मर्यादाही शिकण्यासारखी आहे. मुळात तो एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळतो. एखाद्या पानाने चालता चालता याच सर्व्हरकडे दुसरं पान मागितलं, तर दुसरं पहिलं संपायची वाट पाहतं, पहिलं दुसऱ्याच्या उत्तराची, आणि दोन्ही अडकतात. २०१९च्या ७.४ आवृत्तीपासून रिक्वेस्ट हाताळणारे वर्कर एकाहून जास्त लावता येतात. विंडोजवर मात्र नाही.

लोकलहोस्टवरचा सर्व्हर फक्त आपल्याच मशीनला दिसतो. कमांडमध्ये लोकलहोस्टच्या जागी ०.०.०.० दिलं की त्याच वायफायवरच्या फोनवर पान कसं दिसतं ते तपासता येतं. पण तेव्हा त्या नेटवर्कवरच्या इतरांनाही ते उघडता येतं, म्हणून कॉलेजच्या किंवा कॅफेच्या वायफायवर हे टाळावं. सार्वजनिक नेटवर्कवर हा सर्व्हर वापरू नका, असं पीएचपीचं मॅन्युअलच बजावतं.

लाराव्हेल ही पीएचपीची फ्रेमवर्क शिकणारा ‘आर्टिसन सर्व्ह’ ही कमांड देतो, तेव्हा आत चालू होतो तो हाच सर्व्हर.