सीलबंद कुपीची साक्ष

आपल्या जिल्ह्यांतून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गावर रात्रीं अपघात झाला आणि चालकाच्या तोंडाला दारूचा वास आला, तर जमलेल्या लोकांचा निकाल तेथेंच लागतो. न्यायालयाचा मात्र लागत नाहीं. वास एखाद्या औषधाचाही येतो. म्हणून डॉक्टर चालकाचें रक्त काढून सीलबंद कुपींतून रासायनिक विश्लेषकाकडे पाठवितात. महाराष्ट्रांत हें काम शासनाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा करितात. त्यांतील मुख्य प्रयोगशाळा मुंबईंत कालिना येथें आहे; रत्नागिरींतही एक लहान प्रयोगशाळा आहे.

विद्यार्थ्यांनो, या परीक्षेचें जुनें तत्त्व रसायनशास्त्राच्या वर्गांत तुमच्या कानांवरून गेलें असेल. गंधकाम्ल घातलेला पोटॅशियम डायक्रोमेटचा नारिंगी द्रव मद्यार्कानें हिरवा होतो. स्वीडनचे शास्त्रज्ञ विडमार्क यांनीं १९२२ सालीं याच क्रियेच्या आधारें थोड्याशा रक्तांतील मद्यार्क मोजण्याची रीत बसविली. परंतु हा हिरवा रंग फसवा आहे. विषारी मेथिल मद्यार्कही तोच रंग देतो. २०१५ च्या जून महिन्यांत मुंबईच्या मालवणी वस्तींत शंभरांहून अधिक माणसें मेलीं, तीं या मेथिल मद्यार्कानें. पिणाऱ्याच्या जिभेला तो ओळखूं येत नाहीं. शरीरांत त्याचें फॉर्मिक अम्ल बनतें, दृष्टि जाते आणि पुष्कळदां प्राणही जातो. आतां वायु-क्रोमॅटोग्राफ नांवाच्या यंत्रांत लांब, बारीक नळींतून हे दोन मद्यार्क निरनिराळ्या वेळीं बाहेर पडतात, त्यामुळें ते वेगळे ओळखतां येतात.

यंत्र अचूक असलें तरी कुपी भ्रष्ट असूं शकते, आणि या विषयाचें मर्म मला तेथेंच दिसतें. सुई टोंचण्यापूर्वीं कातडी स्पिरिटनें पुसली, तर निर्व्यसनी माणसाच्या नमुन्यांतही मद्यार्क शिरण्याचा संभव. रक्त उष्णतेंत पडून राहिलें, तर त्यांतील सूक्ष्म जंतु कधीं मद्यार्क निर्माण करितात, कधीं असलेला खाऊन टाकितात. म्हणून कुपींत सोडियम फ्लोराइड घालावें लागतें. चिमूटभर पूड, पण तिच्यावांचून सारी मेहनत व्यर्थ! मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅम इतकीच आहे. एवढ्याशा अंकावर माणूस तुरुंगांत जाऊं शकतो.

महाराष्ट्रांतील अशाच एका अपघाताचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९६३ सालीं त्याचा निर्णय झाला. काढलेलें रक्त विश्लेषकाकडे जाईपर्यंत मधले दिवस कोणाच्या ताब्यांत व कसें राहिलें, याचा पुरावाच खालच्या न्यायालयापुढें आलेला नव्हता. तो पुरावा घ्यावा, असें न्यायाधीशांनीं फर्माविलें. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊं नये, हें आपण बाळपणींच पाठ केलें आहे. पण निर्जीव कुपीही खोटी साक्ष देऊं शकते, हें किती जणांच्या ध्यानांत येतें?

विश्लेषकाच्या मेजावर आरोपी नसतो. असतो एक क्रमांक आणि लाखेची मोहोर. कुपी उघडण्यापूर्वीं तो ती मोहोर सोबत आलेल्या नमुन्याशीं ताडून पाहतो. जुळली नाहीं, तर तसें अहवालांत लिहितो, मग तें कोणाला आवडो वा न आवडो.