नव्या ब्रेकचा आवाज

माझे बाबा रिक्षा चालवतात. रोहा स्टेशनवरून अष्टमी, नागोठणे अशी भाडी मारतात. २०२५ साली गणपती २७ ऑगस्टला बसले. त्याच्या पाच दिवस आधी बाबांनी मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक लायनर बदलून घेतले. गणपतीला मुंबईची माणसे स्टेशनावर उतरतात, तेव्हाच आमची चार पैशांची कमाई होते. पण दुसऱ्या दिवशी रिक्षा ओरडायलाच लागली! जुने लायनर होते तेव्हा आवाज नव्हता, नवे घातले आणि आवाज आला. हे कसं काय?

आई म्हणाली, "आवाज गेल्याशिवाय भिसे खिंडीत जायचं नाही हं." नागोठण्याला जाताना ही खिंड लागते. तिथल्या उतारावर ब्रेक लागला नाही तर काय होईल, ते मी लिहीत नाही. म्हणजे नागोठण्याची भाडी बंद.

आधी ब्रेक कसा असतो ते सांगतो. चाकाला आतून एक बिडाचे गोल भांडे असते, त्याला ड्रम म्हणतात. तो चाकाबरोबर फिरतो. त्याच्या आत चंद्रकोरीसारखे दोन शू असतात, ते फिरत नाहीत. शूवर लायनर चिकटवलेला असतो. बाबांनी पायाने ब्रेक दाबला की नळीतले तेल पुढे सरकते, छोट्या सिलिंडरमधले पिस्टन बाहेर येतात, शू फाकतात आणि लायनर ड्रमला आतून घासतो. मग चाक थांबते. या ड्रम ब्रेकचे पेटंट फ्रान्सच्या लुई रेनॉ यांनी १९०२ साली घेतले होते.

घासताना आवाज का होतो? फळ्यावर खडू सरळ उभा धरला की तो किंचाळतो आणि आपण कान झाकतो. खडू अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो, असं भराभर होतं म्हणून तो थरथरतो. आडवा धरला की गप्प. लायनरचंही तसंच आहे.

शेजारचे एक काका म्हणाले, "दोन थेंब तेल सोड, दाराची बिजागरी करते ना तशी गप्प होईल." बाबांनी ऐकलं नाही ते बरं झालं. मेस्त्रीकाकांना हे सांगितलं तर ते केवढ्यांदा ओरडले! लायनरला तेल लागले तर तो घसरतो आणि ब्रेकच लागत नाही. आवाज जाईल, पण ब्रेकही जाईल.

मेस्त्रीकाका आधी म्हणाले होते, "नवे लायनर आहेत, बसेपर्यंत थोडे ओरडणारच." ते खोटे नाही. नवा लायनर जुन्या ड्रमला सगळीकडून टेकत नाही, घासून घासून त्याचा आकार जुळतो. पण तो आवाज बारीक चीं असा असतो आणि ब्रेक दाबल्यावरच येतो. आमच्या रिक्षाचा आवाज 'खर्र, खर्र' होता आणि ब्रेक न दाबतासुद्धा येत होता. मी रिक्षाच्या बाजूने पळत पळत ऐकले. डावे मागचे चाक! हे मी ओळखले, बाबांनी नाही.

मग काकांनी जॅक लावून चाक उचलले आणि हाताने फिरवले. एका फेरीत एकदाच खर्र. काका म्हणाले, "बघ, शू तर जागेवरच आहे. त्याचा दोष असता तर आवाज सारखा आला असता. फेरीला एकदा येतो म्हणजे फिरणाऱ्या वस्तूत खोट आहे. फिरतो कोण?" मी म्हटलं, "ड्रम!" स्प्रिंग सैल असती तर टक् टक् वाजली असती, तेही त्यांनी सांगितलं.

ड्रम काढला. आतली काळी धूळ मी फुंकणार होतो, तर काकांनी तोंडावर हात ठेवला. पूर्वी लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस घालत, त्याची धूळ फुफ्फुसाला फार वाईट. आताचीही धूळ छातीत जाऊ देऊ नये. त्यांनी ओल्या फडक्याने पुसली. मग त्यांना खडू हवा होता. माझ्या दप्तरात तुकडा होता (गुरुजींना विचारून घेतलेला!). ड्रमच्या आत सगळीकडे खडू फासला, ड्रम चढवून चाक फिरवले आणि पुन्हा काढून पाहिले. एकाच जागी खडू पुसला गेला होता. जुना लायनर झिजून पातळ झाला होता, म्हणून तो तिथे टेकत नव्हता. नवा जाड, म्हणून टेकला. ड्रम वापरून वापरून पूर्ण गोल राहिलाच नव्हता.

काकांनी ड्रम लेथवर नेऊन आतून सारखा करून आणला. फार घासला तर तो पातळ होऊन फुटतो, मग नवाच घ्यावा लागतो. आमचा वाचला. पण एक दिवसाचं भाडं बुडालंच. बाबांनी दोन दिवस रिकामी रिक्षा कुंडलिकेच्या पुलावरून नेऊन-आणून हळूहळू ब्रेक दाबले, लायनर बसण्यासाठी. गणपतीच्या आदल्या दिवशी भिसे खिंडीतून नागोठण्याला भाडं नेलं. मीपण मागे बसलो होतो. उतारावर मी कान देऊन ऐकत होतो, फक्त पावसाचा आवाज येत होता.

आता पावसाळी सकाळी पहिल्या दोन ब्रेकला थोडी कुरकुर होते. रात्रीत ड्रमला आतून गंज धरतो ना, तो असतो. तिसऱ्या ब्रेकला गप्प.

— इयत्ता ४ थी, अष्टमी