चार्जिंगवरून कधीच न निघणारे फोन

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकाने दूध संकलन केंद्रांसाठी अँड्रॉइड ॲप बनवलं आहे. लॅपटॉपवरच्या इम्युलेटरमध्ये ते सुरळीत चालतं. शेतकऱ्यांच्या फोनवर मात्र पहाटेच्या संकलनाची आठवण कधी वाजते, कधी वाजतच नाही. म्हणून त्याला आता क्लाउडवरून भाड्याने मिळणाऱ्या खऱ्या फोनवर ॲप तपासायचं आहे. जाहिराती पाहाव्यात तर प्रत्येक कंपनीकडे ‘हजारो खरी उपकरणं’! त्याचा प्रश्न असा, की सेवा घ्यायची कोणाची?

प्रश्न खरेदीचा आहे, पण त्याच्या वाटेत भौतिकशास्त्र आडवं येतं. मला स्वतःला तोच भाग जास्त आवडतो.

इम्युलेटरमध्ये असतं ते साधारणपणे गूगलच्या मुशीतलं निर्भेळ अँड्रॉइड. बाजारातल्या फोनवर शाओमी, ओप्पो, सॅमसंग यांनी आपापला थर चढवलेला असतो आणि बॅटरी वाचवण्याचे आपापले नियमही बसवलेले असतात. ओपनसिग्नल या कंपनीने 2015 मध्ये मोजदाद केली, तेव्हा तिच्या ॲपला 24,093 वेगवेगळ्या प्रकारचे अँड्रॉइड फोन आढळले होते. इतके फोन विकत घेणं कोणाला परवडणार? या अडचणीतूनच भाड्याचा धंदा उभा राहिला. त्यातलं एक ठळक नाव मुंबईचं आहे. आयआयटी मुंबईत शिकलेल्या रितेश अरोरा आणि नकुल अगरवाल यांनी 2011 मध्ये ब्राउझरस्टॅक सुरू केलं, तेही इंटरनेट एक्सप्लोररच्या नाना आवृत्त्यांवर वेबसाइट तपासताना जीव मेटाकुटीला आला म्हणून. फोन त्यांच्याकडे नंतर आले.

आता हे शेकडो फोन एका खोलीत ठेवायचे कसे? फेसबुकने 2016 मध्ये ऑरेगनमधल्या प्राइनव्हिल इथल्या आपल्या डेटा सेंटरमधली व्यवस्था जगाला दाखवली. सुमारे 60 रॅक आणि प्रत्येक रॅकमध्ये 32 फोन. खरी डोकेदुखी जागेची नव्हती, रेडिओलहरींची होती. शेकडो फोन एकाच खोलीत वाय-फायवर बोलू लागले की कोणाचंच कोणाला ऐकू जात नाही. मग ॲप हळू चालतंय ते आपल्या चुकीने की शेजाऱ्यांच्या गोंगाटाने, हे ठरवायचं कसं? त्यावर उपाय म्हणून रॅक म्हणजे लहरी आत-बाहेर जाऊ न देणारी बंद धातूची पेटीच केली आणि प्रत्येक पेटीला आतल्या आत वाय-फाय दिलं.

या पेटीची पणजी लंडनची. जानेवारी 1836 मध्ये मायकेल फॅरडेने रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानगृहात बारा फूट लांब, रुंद आणि उंच असा लाकडी सांगाडा उभा केला. त्यावर तारा आणि कथलाचा पत्रा चढवून तो जमिनीपासून अलग ठेवला आणि विद्युत यंत्राने असा भारित केला, की बाहेरून ठिणग्या झडू लागल्या. आणि हा गृहस्थ पेटत्या मेणबत्त्या आणि विद्युतमापी घेऊन आत जाऊन बसला! आत विद्युतभाराचा मागमूसही नव्हता. श्रेयाच्या बाबतीत इथे बेंजामिन फ्रँकलिनवर थोडा अन्यायच झाला. भारित चांदीच्या भांड्यात दोऱ्याने सोडलेला बुचाचा गोळा आतल्या बाजूकडे ओढला जात नाही, हे त्याने 1755 मध्येच लिहून ठेवलं होतं. पिंजऱ्याला नाव मात्र फॅरडेचं लागलं. काटेकोर बोलायचं तर फॅरडेचा प्रयोग स्थिर विजेचा होता. रेडिओलहरी हर्ट्‌झने दाखवल्या त्या त्यानंतर पन्नासेक वर्षांनी, आणि लहरींना रोखताना भोकांचा आकार महत्त्वाचा ठरतो. वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्‌झ लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते, म्हणून पेटीच्या दारातली लांबट फटसुद्धा गळकी ठरू शकते.

तर असे हे फोन खरेच असतात, यात शंका नाही. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातला वाघही खराच असतो. फक्त त्याला शिकार करावी लागत नाही. क्लाउडमधला फोन थंड खोलीत असतो, त्याचं वाय-फाय तुटत नाही, त्याला कोणी खिशात घालून उन्हात हिंडत नाही, आणि मुख्य म्हणजे तो सतत यूएसबी तारेला जोडलेला असतो. हुकूम त्या तारेतूनच जातात, वीजही तिच्यातूनच मिळते.

आमच्या वाचकाची गोष्ट नेमकी इथे अडकते. अँड्रॉइडमध्ये 2015 च्या सहाव्या आवृत्तीपासून ‘डोझ’ नावाची सोय आहे. फोन चार्जरवर नसेल, पडदा बंद असेल आणि तो बराच वेळ हलला नसेल, तर यंत्रणा पेंगू लागते आणि ॲपची पार्श्वभूमीवरची कामं पुढे ढकलते. साध्या पद्धतीने लावलेले गजरही त्यात लांबतात. शिवाय काही उत्पादक आपल्या नियमांनी ॲप पार बंदच करून टाकतात. गोठ्यातल्या फळीवर रात्रभर ठेवलेला फोन या सगळ्या अटी पुऱ्या करतो. तारेला जोडलेला फोन पहिल्याच अटीत नापास होतो. म्हणजे हजारो खरी उपकरणं भाड्याने घेतली, तरी हा बिघाड त्यांच्यावर आपणहून दिसणार नाही.

यावर एक युक्ती आहे. अँड्रॉइडच्या डीबग ब्रिजमधून, म्हणजे ‘एडीबी’तून, फोनला तार काढल्याची थाप मारता येते आणि जबरदस्तीने डोझमध्येही ढकलता येतं. तेव्हा सेवा निवडताना पहिला प्रश्न उपकरणं किती हा नसावा. एडीबीचे असे हुकूम तुम्ही चालवू देता का, हे आधी विचारावं. रात्रभर खरोखर वाट पाहायची म्हटलं तर काय होईल? अ‍ॅमेझॉनच्या डिव्हाइस फार्मचा दर मिनिटाला 17 सेंट धरला, तर आठ तासांचे 81 डॉलर 60 सेंट होतात, आणि तिथलं एक सत्र 150 मिनिटांपुढे जातच नाही.

तारेशिवाय तपासणी करण्याचा एक मार्ग जेसन हगिन्सने दाखवला होता. वेबसाइट आपोआप तपासणाऱ्या सेलेनियमचा हा जनक. त्याने ते 2004 मध्ये लिहिलं आणि पुढे सॉस लॅब्ज या कंपनीच्या स्थापनेत भाग घेतला. त्यानेच 2011 च्या सुमारास काच ठोकणारा छोटा रोबो बनवला आणि त्याच्याकडून ‘अँग्री बर्ड्‌स’ खेळवून घेतला. पुढच्या यंत्राला त्याने तीन हातांची डेल्टा रचना दिली. लोझानच्या रेमों क्लावेलने ऐंशीच्या दशकात ती शोधली, तेव्हा डोळ्यांसमोर चॉकलेटं उचलून खोक्यात भरण्याचं काम होतं! असा रोबो फोनला बाहेरून हात लावतो, त्यामुळे तार लागत नाही. सॉफ्टवेअरवाले लोक याला खेळणं समजून हसतात. मला ते हसणं पटत नाही.

बाकीचे प्रश्न झटपट. ॲपमध्ये यूपीआय नोंदणी असेल, तर त्या फोनवरून एसएमएस जावा लागतो. सिम नसलेल्या फोनवर गाडी तिथेच थांबते. आयफोनचं ॲप क्लाउडवर चढवताना बहुधा सेवेच्या प्रमाणपत्राने पुन्हा सही होते, त्यामुळे पुश सूचना बिघडू शकतात. त्यासाठी निराळी सोय आहे का ते पाहावं. फोन कुठे ठेवलेले आहेत तेही विचारावं. समजा ते ऑरेगनमध्ये असतील, तर मुंबईपासूनचं अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे नुसतं जाऊन यायलाच सव्वाशे मिलिसेकंद लागतात, आणि केबल सरळ रेषेत जात नाही. असं उशिरा पोचणारं दृश्य पाहून ‘माझं ॲप अडखळतं’ असा निवाडा करू नये.

पैसे देण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. ॲप प्ले स्टोअरवर असेल, तर प्ले कन्सोल आपले वापरकर्ते कोणते फोन वापरतात ते सांगतं. चाचणी आवृत्ती चढवली की गूगल काही उपकरणांवर ती चालवून अहवालही फुकट देतं. दूध घालणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे जर पाच-सहाच मॉडेलं निघाली, तर ती जुन्या बाजारातून विकतच घ्यावीत. ती ब्राउझरमधून चालवायची असतील, तर जपानच्या सायबरएजंट कंपनीत जन्मलेली एसटीएफ ही मुक्त प्रणाली आहे. तिची पुढची देखभाल डिव्हाइसफार्मर या नावाने चालते. फक्त हे फोन बारा महिने चार्जिंगला ठेवू नयेत. पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते आणि फुगते. विजेला टायमर लावावा, दर आठवड्याला पाठीवरून हात फिरवून पाहावा आणि मागचं झाकण उचललेलं दिसलं तर तो फोन त्याच दिवशी बाजूला काढावा.