कोस्टल रोडवरच्या त्या दोन मोठ्या कमानी आल्या कुठून? वाचा वरळी कोळीवाड्याची गोष्ट

ठाकूरद्वारहून गाडी काढायची, प्रिन्सेस स्ट्रीटच्या उड्डाणपुलापाशी कोस्टल रोडला लागायचं, बोगद्यातून बाहेर पडायचं आणि थोड्याच वेळात वरळी गाठायची. पुढे कोस्टल रोड जिथे सी-लिंकला जोडला जातो, तिथे डोक्यावर दोन भल्यामोठ्या पोलादी कमानी दिसतात. त्यांच्यासोबतचे रील्स तुम्ही पाहिले असतीलच.

पण बाकी सगळा पूल साधा असताना या कमानी नेमक्या इथेच का?

कारण त्यांच्या खालून वरळीच्या कोळ्यांच्या होड्या जातात.

कोळीवाडा आणि समुद्राचं गणित

वरळी बेटाच्या टोकाला इंग्रजांनी 1675 च्या सुमारास बांधलेला किल्ला आहे, त्याच्या पायथ्याशी कोळीवाडा आहे. इथल्या होड्या क्लीव्हलँड बंदरातून समुद्रात जातात.

कोळ्यांचं सगळं वेळापत्रक चंद्रावर चालतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाण्याला जोर जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे जोर कमी. भरतीची वेळ काढायचं तर एक सोपं सूत्रही आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. घड्याळ, मोबाईल, ॲप काही लागत नाही.

याच्या जोडीला वारा, खडक आणि पाण्याची ओढ कुठे कशी आहे, हे नाखवा आणि तांडेल यांना तोंडपाठ असतं. हे ज्ञान पुस्तकात सापडत नाही, बापाबरोबर होडीत बसूनच ते मुलाकडे येतं.

मग वाद कशावरून झाला?

तर वाद होता पुलाच्या दोन खांबांमधल्या अंतराचा.

मूळ आराखड्यात हे अंतर सुमारे 60 मीटर होतं आणि तेवढं पुरेसं आहे, असं महापालिकेचं म्हणणं होतं. कोळी म्हणाले, 200 मीटर हवं.

रस्त्यावरच्या माणसाला वाटेल की छोट्या होडीला 60 मीटर म्हणजे ऐसपैस. पण होडी काही रुळावरून चालत नाही. आडवी लाट आली की ती बाजूला सरकते. वाऱ्याने तोंड फिरतं. समोरून दुसरी होडी येत असते. अशात इंजिन बंद पडलं, तर पाणी होडीला थेट खांबावर नेऊन आदळतं. खवळलेल्या समुद्रातून घाईने बंदरात परतताना तर हा धोका आणखी वाढतो.

वरळी कोळीवाड्याची नाखवा मच्छीमार सोसायटी त्याआधीच कोर्टात गेली होती. जुलै 2019 मध्ये मुंबई हायकोर्टाने प्रकल्पाची सीआरझेड मंजुरी रद्द केली. डिसेंबर 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झालं. पुढे 2021 च्या अखेरीस मच्छीमारांनी होड्या समुद्रात नेऊन पुलाचं काम अडवलं.

अखेर डिसेंबर 2022 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी अंतर 120 मीटर करण्याची घोषणा केली. त्यासाठी 8 नंबरचा खांबच वगळण्यात आला.

आणि कमानी आल्या

मधला खांब गेला, मग पुलाचं वजन पेलणार कोण? त्यासाठी धनुष्याच्या आकाराची कमान वापरावी लागली. 136 मीटर लांब आणि सुमारे 2,000 टन वजनाचा पहिला गर्डर एप्रिल 2024 मध्ये बसवला गेला. दुसरा, 143 मीटरचा, मे महिन्यात.

म्हणजे कोळ्यांचा अनुभव इंजिनिअरच्या नकाशात उतरला. निम्मा तरी.

निम्मा यासाठी, की मागितले होते 200 मीटर, मिळाले 120. शिवाय कोस्टल रोडसाठी सुमारे 111 हेक्टर भराव टाकला गेला. किनाऱ्यालगतच्या ज्या खडकांवर कालवं, खेकडे मिळायचे, जिथे छोट्या होड्यांची जाळी लागायची, त्यातला बराच भाग त्याखाली गेला. होडीला वाट मिळाली, पण जवळची मासळी गेली तर डिझेल जाळून लांब जावं लागतं. छोट्या होडीवाल्याला ते परवडत नाही. आणि होडीच विकली गेली, तर तिथीची पाऊणपट कशाला करायची, हे पुढच्या पोराला कोण सांगणार?

पुढच्या वेळी त्या कमानींखालून जाताना गाडीत बाजूला बसला असाल, तर खाली पाण्याकडेही एक नजर टाका. एखादी होडी बंदराकडे परतताना दिसेल.